बांधले आणि बांधविले : अमेरिकी दक्षिणेतील जुन्या घरांच्या विक्रीपत्रकांची भाषा

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत, म्हणजे व्हर्जिनिया, साउथ कॅरोलायना, जॉर्जिया, लुइझियाना इत्यादी प्रदेशांत, दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीची घरे विकावयास निघतात. त्या वेळी त्यांच्या वर्णनाचा जो मजकूर दलाल प्रसिद्ध करतात, त्याला एक स्वतंत्र लेखनप्रकार मानण्यास हरकत नसावी. त्याचे संकेत ठरलेले आहेत. आरंभी बांधणीचे साल. मग पहिल्या मालकाचे नाव, शक्यतो ‘कर्नल’ किंवा ‘जज्ज’ अशा उपाधीसह. त्यानंतर दर्शनी स्तंभ, रुंद ओसरी, पाइनच्या गाभ्याच्या फळ्यांची जमीन, हाताने पाडलेल्या विटा, अंगणातील जुने ओक वृक्ष. अखेरीस मागील बाजूच्या ‘पूरक वास्तूं’चा ओझरता उल्लेख. मजकूर वाचून घराविषयी पुष्कळ कळते. ते कोणी उभे केले, एवढे मात्र कळत नाही.

‘अँटिबेलम’ हे या लेखनातील लाडके विशेषण. मूळ लॅटिन शब्दांचा अर्थ ‘युद्धापूर्वीचे’ इतकाच. ते युद्ध १८६१ ते १८६५ मधील यादवी युद्ध होय. कालवाचक असलेले हे विशेषण आधी शैलीवाचक झाले आणि मग जवळजवळ सौंदर्यवाचक. ज्या गुलामगिरीचा अंत त्या युद्धाने झाला, तिचे नाव न घेता तिचा काळ सांगता यावा, ही त्याची मोठी सोय. गुलामांच्या कोठड्यांना ‘सर्व्हंट्स क्वार्टर्स’ म्हणण्याची रीतही अशीच आहे. नोकर म्हटले की वेतन गृहीत धरले जाते. येथे वेतन नव्हते. मात्र ही सौम्योक्ती आजच्या दलालांनी शोधून काढलेली नाही. मळेवाले स्वतःच आपल्या गुलामांना ‘सर्व्हंट’ म्हणत. दलालाने घराबरोबर मालकाचा शब्दकोशही विकावयास काढला आहे, इतकेच.

२०२० साली ह्यूस्टन येथील घरदलालांच्या संघटनेने आपल्या याद्यांतील ‘मास्टर बेडरूम’ हा शब्द बदलून ‘प्रायमरी बेडरूम’ असा केला. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ‘मास्टर बेडरूम’ हा शब्दप्रयोग विसाव्या शतकातला, मळ्यांच्या काळातला नव्हे. खरा दोष शब्दसंग्रहापेक्षा वाक्यरचनेत आहे, आणि तिला कोणी हात लावलेला नाही.

लुइझियानातील नॉटोवे या प्रचंड वास्तूचे उदाहरण घ्यावे. १८५९ मध्ये पूर्ण झालेले हे घर १५ मे २०२५ रोजी आगीत भस्मसात झाले. जॉन हॅम्पडेन रँडॉल्फ याने ते ‘बांधले’, असे सर्रास लिहिले जाते. आराखडा हेन्री हॉवर्ड या वास्तुविशारदाचा होता, हेही नोंदले जाते. १८६० च्या गणनेत रँडॉल्फच्या मालकीचे १५५ गुलाम होते. परंतु त्या वाक्यात त्यांना जागा नाही. ‘बांधवून घेतले’ अशी रचना इंग्रजीत अशक्य नाही. विक्रीपत्रकांना ती नको असते, कारण तिच्यामागोमाग ‘कोणाकडून?’ हा प्रश्न येतो. मराठीत ‘बांधणे’ आणि ‘बांधविणे’ हा भेद क्रियापदाच्या रूपातच आहे. प्रयोजक कर्ता सांगितला, तरी प्रयोज्य कर्त्याची जागा रिकामी राहिल्याचे जाणवते. श्रवणबेळगोळच्या शिलालेखातील ‘करवियले’ हे रूप याच जातीचे. निर्मिती केली असे न म्हणता करविली असे म्हणण्याइतका तो लेख प्रामाणिक आहे, मग कारागिरांची नावे त्यात नसोत. अर्थात, शाहजहानने ताजमहाल ‘बांधला’ असे मराठी मनुष्यही बेधडक म्हणतो. तेव्हा भाषेने सोय केली म्हणून बोलणारा ती वापरीलच, असे नाही.

पण या कामकऱ्यांची नावे कधी छापलीच गेली नाहीत, असे समजणे चूक ठरेल. पिअर्स बटलर या कर्जबाजारी मळेवाल्याचे चारशेहून अधिक गुलाम २ व ३ मार्च १८५९ रोजी जॉर्जियातील सव्हाना शहराजवळच्या घोडशर्यतीच्या मैदानावर लिलावाने विकले गेले. त्या लिलावाच्या छापील सूचीत क्रमांक, नाव, वय आणि कामातील कौशल्य अशा नोंदी होत्या. कसब सांगितल्याने किंमत वाढत होती. म्हणजे माणूस विक्रेय होता तेव्हा त्याचे नाव आणि हुन्नर विक्रीपत्रकात आले. घर विक्रेय झाले, तेव्हा दोन्ही गळाली. विटा ‘हाताने पाडलेल्या’ असल्याचे आजचे पत्रक अभिमानाने सांगते, कारण त्यानेही किंमत वाढते. हात कोणाचे, हे सांगितल्याने ती वाढेलच अशी खात्री नसते.

जाहिरात हा इतिहास नव्हे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो सयुक्तिक ठरला असता; परंतु ‘ऐतिहासिक’ हे विशेषण लावून जादा मोल मागणारा मजकूर इतिहासाच्या कसोटीतून सूट मागू शकत नाही.

या लेखनप्रकाराचे संकेत पुरे पडणार नाहीत, असे एक घर साउथ कॅरोलायनातील ब्यूफर्ट गावी आहे. त्याच्या मागील आवारातील गुलामांच्या वस्तीत १८३९ साली रॉबर्ट स्मॉल्सचा जन्म झाला. मे १८६२ मध्ये त्याने चार्ल्स्टन बंदरातून ‘प्लँटर’ ही दक्षिणेच्या सैन्याची आगबोट पळवून उत्तरेच्या आरमाराच्या स्वाधीन केली. युद्ध चालू असतानाच ते घर थकलेल्या करापायी विक्रीस निघाले, आणि स्मॉल्सने ते विकत घेतले. जुन्या मालकी हक्काच्या आधारे त्याच्यावर दावा झाला. १८७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल स्मॉल्सच्या बाजूने दिला. त्या घराच्या मालकांची यादी देताना मागील आवाराचा उल्लेख ‘पूरक वास्तू’ म्हणून उरकणे कोणत्याही दलालाला अवघड जाईल.