‘चार तपासण्या’ या चलाची उलटतपासणी

गरोदरपणातली तपासणी आणि नवजात मृत्यू यांवरचे बरेच प्रबंध एकाच निष्कर्षावर येऊन थांबतात: चार किंवा जास्त तपासण्या झालेल्या मातांची बाळं जास्त जगली. नंदुरबारवर काम करायचं मनात असेल, तर आधी या वाक्यालाच प्रश्न विचारा.

बाळ तिसाव्या आठवड्यातच जन्मलं, तर शेवटच्या दोन महिन्यांतल्या तपासण्या होणार कधी? आणि दगावण्याचा धोका अपुऱ्या दिवसांच्या बाळांनाच जास्त. म्हणजे तपासण्या कमी म्हणून बाळ गेलं, की बाळ लवकर आलं म्हणून तपासण्या कमी? लॉजिस्टिक रिग्रेशनला हे आपोआप कळत नाही. उलटही घडतं. रक्तदाब वाढलेल्या बाईला जास्त वेळा बोलावतात, आणि तिच्या बाळाला धोका मुळातच जास्त असतो.

दुसरी भानगड विदेची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या (२०१९-२१) जिल्हा पत्रकात चार तपासण्यांची टक्केवारी मिळते, जिल्ह्याचा नवजात मृत्युदर मिळत नाही. शिवाय ती टक्केवारी जिवंत जन्मांपुरती. मृतजन्म, जिथे तपासणीचा उपयोग व्हायला हवा, ते हिशेबातच नाहीत!

मग धडगाव-अक्कलकुव्याचे पाडे. नर्मदेकाठच्या काही पाड्यांवर आरोग्यसेवा बोटीनं पोचते. जे अंतर तपासणी चुकवतं, तेच आजारी बाळाला दवाखान्यापर्यंत पोचू देत नाही. ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या बाईच्या तपासण्या दोन राज्यांत विभागतात. आणि तपासणीत झालं काय? सिकलसेल असलेल्या भागात नुसतं वजन घेऊन पाठवलं, तरी तुमच्या तक्त्यात ती ‘एक तपासणी’च.

तपासण्या निरुपयोगी, असं मी म्हणत नाहीये. यादृच्छिक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात, कमी उत्पन्नाच्या देशांत तपासण्या घटवल्यावर प्रसूतीच्या आसपासचे मृत्यू वाढलेले दिसले. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्ये चारऐवजी आठ भेटी सुचवल्या. पण डॉ. अभय व राणी बंग यांचा गडचिरोलीचा अभ्यास (१९९९) सोबत वाचाच. ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांनी मुख्यतः जन्मानंतर घरीच बाळांची काळजी घेतली, आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ४७ तुलना-गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाला. गावांची निवड यादृच्छिक नव्हती, तरी इतका फरक सहज झटकता येत नाही. जन्मानंतरची काळजी तुमच्या मॉडेलमध्ये नसेल, तर तिचं श्रेय तपासण्यांच्या खात्यात जमा होईल.

निदान एवढं करा: माता-बाल संरक्षण कार्डावरून प्रत्येक भेटीचा आठवडा नोंदवा, आणि त्या आठवड्यात अजून गरोदर असलेल्या बायांचीच आपसात तुलना करा.