शूर म्हणतात, शहाणे म्हणत नाहीत

जेम्स बेलिच नावाच्या गोऱ्या माणसाचं पुस्तक आहे. न्यूझीलंडमधल्या युद्धांवरचं, १९८६ सालचं. मी नववीत शाळा सोडलेला माणूस. सूतगिरणीतली तिसरी पाळी सुटली की डिक्शनरी उघडी ठेवून वाचायचो. झेरॉक्सची पानं तेलकट झालीत. महिना गेला, पण डोक्यात खिळा ठोकला गेला.

आमच्यातला एक कवीमित्र म्हणाला, माओरींवर गोऱ्याचं पुस्तक कशाला वाचतोस? प्रश्न चुकीचा नाही. पुढं येतो त्यावर.

आधी भांडण कशाचं ते. १८४० साली वैतांगीचा करार झाला. इंग्रजी कागदात राणीला सगळं सार्वभौमत्व दिलं. माओरी कागदात दिला फक्त कारभार, आणि जमिनीवरची, गावावरची सत्ता सरदारांकडेच राहिली. एकच करार, अर्थ दोन. बहुतेकांनी सह्या केल्या त्या माओरी कागदावर, राज्य चाललं इंग्रजी कागदावर. भाषांतराला आपण किरकोळ काम समजतो ना? तिथं भाषांतरातच जमीन गेली.

मग १८६० साली वैतारा. तेइरा नावाच्या माणसानं जमीन विकायला काढली, वडीलधारे सरदार विरेमू किंगी नको म्हणाले. जमीन सगळ्यांची, एकट्याच्या सहीनं कशी विकणार? सरकार मोजणीला आलं, बायकांनी मोजणी अडवली. मार्चमध्ये तोफा आल्या. पुढच्या वर्षी हिंदुस्थानातून गोरी पलटणही जहाजानं तिकडे गेली. म्हणजे ज्यांनी इथं बंड चेपलं तेच राज्य, तीच छावणी. १८६३ च्या जुलैत वैकाटोवर चाल, आणि त्याच साली जप्तीचा कायदा. बंडखोर ठरवायचं आणि एकर मोजायचे. एकट्या वैकाटोत बारा लाखांच्या आसपास एकर गेले.

आता पुस्तकाचं बळ. बेलिच म्हणतो, इंग्रज कितीतरी वेळा हरले, पण ते त्यांनी कागदावर येऊ दिलं नाही. गेट पाची लढाई घ्या. २९ एप्रिल १८६४. जनरल कॅमेरनकडे सतराशे माणसं आणि जड तोफा. समोर अडीचशेच्या आतबाहेर माओरी, रावीरी पुहिराके पुढारी. त्यांनी झेंडा मुद्दाम गढीच्या मागे रोवला. तोफा झेंड्याकडे नेम धरून दिवसभर आग ओकत राहिल्या, माणसं जमिनीखालच्या खंदकात बसून. तोफा थांबल्या, आत सगळं गप्प. गोऱ्यांना वाटलं संपले. आत शिरले आणि चहूबाजूंनी गोळ्या. शंभराहून जास्त सोजीर मेले नाहीतर जखमी झाले, बाकीचे पळाले. रात्री माओरी गुपचूप निघून गेले. याला डोकं म्हणतात, बाबांनो! पण रिपोर्टात काय येतं? सोजीर घाबरले, अधिकारी चुकले, जागा वाईट होती. समोरच्यानं हिशेब करून हरवलं, हे सोडून सगळी कारणं.

आणि ओराकाऊ? तिथं माओरी हरले. गढी अर्धवट, पाणी नाही, बायकापोरांसकट तीनशेच्या आसपास, बाहेर हजारावर सोजीर. त्या लढाईवर मात्र गोऱ्यांनी दोनदा सिनेमा काढला, १९२५ ला आणि १९४० ला. मरणाऱ्याचं कौतुक स्वस्त पडतं. जमीन परत द्यावी लागत नाही.

इथं मी पुस्तक मिटवलं आणि माझी वही काढली. कोरेगाववर माझी कविता आहे. १ जानेवारी १८१८. तिच्यात छाती आहे, रक्त आहे, तलवार आहे, वाघ तर तीनदा आहे. पाणी नसताना, गावच्या भिंतींचा आडोसा करून त्यांनी दिवस कसा काढला असेल, याची एक ओळ नाही. इंग्रजांनी आपल्याला शूर म्हटलं, आणि नंतर भरती बंद करताना लढाऊ जातच नाही म्हटलं. दोन्ही वेळा मोजपट्टी त्यांचीच, आणि मी तीच घेऊन कविता मोजत बसलो. ती कविता मी यंदा म्हणणार नाही.

आता मित्राच्या प्रश्नाकडे. पुस्तकात खोट आहे. बेलिच बहुतेक गोऱ्यांचेच रिपोर्ट उलटे धरून वाचतो. वाचतो झकास, पण माओरी माणसाचा स्वतःचा आवाज कमी ऐकू येतो. आणि पुस्तक लढाईचं आहे, कोर्टाचं नाही. १८६५ च्या जमीन कोर्टानं सामायिक जमिनीवर मोजकी दहा नावं चढवली, बाकीचे उघडे पडले. एक गोळी न झाडता युद्धाहून जास्त जमीन गेली. आणि १८८१ चं पारिहाका, जिथं दीडहजारावर हत्यारबंद माणसं चालून आली आणि समोर पोरं गाणी म्हणत बसली होती, ते लढाईच्या मापात बसतच नाही. तेव्हा हे एकच पुस्तक वाचून थांबू नका.

पण गोऱ्याचं म्हणून फेकूही नका. १९७१ साली ऑकलंडमध्ये पॉलिनेशियन पँथर्स उभे राहिले, १९७२ ला मुंबईत आपले. दोघांनी नाव अमेरिकेतल्या काळ्या भावांकडून घेतलं, कुणी कुणाला पत्र न लिहिता. मग वाचायला काय हरकत?

झेरॉक्स माझ्याकडे आहे. वीस ते पन्नास पानं एका गड्यानं नेलीत, त्यानं आणून द्यावीत. बाकी पाहिजे त्यानं रविवारी खोलीवर यावं, डिक्शनरी एकच आहे.