सावजीची पाटी आणि झाडीपट्टीची चूल

उपाहारगृहाच्या दारावर एखाद्या प्रदेशाचे अथवा समाजाचे नाव लागले म्हणजे आत मिळणारे अन्न त्या प्रदेशाचे खरे अन्न मानावे काय, हा प्रश्न वरवर पाहता केवळ रसनेचा वाटतो. वस्तुतः तो प्रतिनिधित्वाचा प्रश्न आहे. नागपूरहून रायपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग भंडारा, लाखनी, साकोली ह्या गावांवरून जातो. त्याच्या दुतर्फा असलेल्या भोजनालयांच्या पाट्यांवर 'सावजी', 'वऱ्हाडी', 'गावरान', 'चुलीवरचे' हे शब्द पुनःपुन्हा आढळतात. प्रवासी तेथे जेवतो आणि आपण भंडाऱ्याचे अन्न चाखले अशा समजुतीने पुढे जातो.

ह्या प्रकाराचे टोकाचे उदाहरण परदेशात सापडते. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात टँपा येथे 1988 साली 'आऊटबॅक स्टेकहाउस' नावाचे, ऑस्ट्रेलियाचा देखावा मांडणारे उपाहारगृह निघाले आणि पुढे त्याच्या शाखांची साखळीच झाली. त्याच्या संस्थापकांनी ऑस्ट्रेलिया पाहिलेला नव्हता, आणि तो मुद्दाम जाऊन पाहावा असेही त्यांना वाटले नाही. फुलासारखा कापून तळलेला कांदा हा तेथील प्रसिद्ध पदार्थ असून त्याचा ऑस्ट्रेलियन घराशी काही संबंध नाही. 'ॲलिस स्प्रिंग्ज' हे वाळवंटी गाव तेथे कोंबडीच्या एका पदार्थाचे विशेषण होऊन बसले आहे. अशा ठिकाणी अस्सलपणाचा शोध घेणे व्यर्थ होय. तेथे देश हा नेपथ्याचा पडदा आहे, आणि तो पडदा आहे हे जेवणाऱ्यासही बहुधा ठाऊक असते.

सावजीची गोष्ट इतकी सोपी नाही. सावजी भोजन हे कोणा व्यापाऱ्याने कल्पिलेले नाही. ते नागपूरच्या हलबा-कोष्टी विणकरांच्या घरातून आलेले आहे. 1877 मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरण्यांच्या कापडापुढे हातमागाचे मोल घटत गेले, तसतसा विणकरांचा संसार कठीण होत गेला. घरच्या चुलीवरचा रस्सा विकून चार पैसे मिळवणे हा त्यातून निघालेला एक मार्ग होता. जवसाचे तेल, काळा मसाला, पाटोडीचा रस्सा, तसेच खूर, सुंदरी यांसारखे इतरांनी कमी लेखलेले मांसाचे भाग ह्यांतून जी पाककला घडली, तिच्यात दारिद्र्य आणि कौशल्य ह्या दोहोंच्या खुणा आहेत. तिला नेपथ्य म्हणणे अन्यायाचे होईल.

परंतु उगम खरा म्हणून प्रत्येक आवृत्ती खरी ठरत नाही. 'सावजी' ह्या नावावर कोणा एकाची मालकी नाही. ही जणू धनी नसलेली साखळी आहे. नाव कोणीही लावावे, आणि नावाबरोबर जे सर्वांत सहज उचलता येते तेवढेच उचलावे. सहज उचलता येतो तो तिखटपणा. जवसाचे तेल लवकर खवट होते आणि त्याचा उग्र वास अनोळखी गिऱ्हाइकास मानवत नाही. म्हणून ते प्रथम गळते. मसाल्यांचे प्रमाण घराघरांत निरनिराळे असते, तेही गळते. उरतो लाल तवंग आणि खाणाऱ्याच्या धाडसाची परीक्षा. विणकराची पाककला अशा रीतीने पैजेचा विषय होते.

भंडारा जिल्ह्यात ह्या विपर्यासाला आणखी एक पदर आहे. पवनी, मोहाडी, आंधळगाव येथे कोष्ट्यांची जुनी वस्ती आहे. म्हणजे ह्या अन्नाचे नातलग येथेच राहतात, आणि तरी पाटीवर नाव मिरवते ते नागपूरचे. 'वऱ्हाडी' हे विशेषण तर सरळ चुकीचेच होय. वऱ्हाड म्हणजे अमरावती-अकोल्याकडचा ज्वारी-कापसाचा मुलूख. भंडारा ही झाडीपट्टी. वैनगंगेच्या खोऱ्यातील धानाचा, तलावांचा प्रदेश. कोहळी समाजाने बांधलेले तलाव, त्यांत मासे धरणारे ढिवर, धान उभे असतानाच बांधीत पेरली जाणारी लाखोळी, मोहाची फुले: येथील ताटाचा पाया हा आहे. ह्यांतील किती गोष्टी महामार्गावरील पाटीवर येतात? लाखोळीचेच पाहावे. तिच्या अतिसेवनाने पाय लुळे पडतात म्हणून 1961 साली तिच्या विक्रीवर बंदी आली. शेतातून मात्र ती गेली नाही. गरिबाला पोसणारी आणि त्यालाच पांगळे करू शकणारी ही डाळ कोणत्याही 'गावरान' ताटात मानाने मांडली जाणार नाही. सजविलेले खेडे आपला अप्रिय भाग नेहमीच झाकून ठेवते.

तेव्हा अस्सलपणाची कसोटी कोणती? मूळ कृतीशी तंतोतंत साम्य ही कसोटी टिकत नाही, कारण घरची कृतीही पिढीगणिक पालटते. अधिक उपयोगी कसोटी अशी की, जेवणाऱ्यांपैकी कोणी स्वयंपाक्यास 'हे असे नसते' म्हणून सुनावू शकतो काय, आणि तो ते ऐकून घेतो काय. नागपूरच्या विणकरवस्तीतील भोजनालयात हे शक्य होते, कारण शेजारचा मागवालाच गिऱ्हाईक होता. टँपामध्ये ते शक्य नव्हते. महामार्गावर तासाभरापुरता उतरलेला प्रवासी सुनावू शकत नाही, आणि ज्याला सुनावता येईल असा पवनीचा कोष्टी वा साकोलीचा ढिवर तेथे गिऱ्हाईक म्हणून क्वचितच बसतो. झाडीपट्टीची रंगभूमी धानाची कापणी आटोपल्यावर रात्ररात्र चालते ती अशाच सुनावणाऱ्या प्रेक्षकांच्या बळावर. अन्नाला तसा प्रेक्षक येथे लाभलेला नाही.

ह्यावर असा आक्षेप संभवतो की, पाटी नसती तर ह्या अन्नाची कोणी दखलच घेतली नसती. आक्षेपात तथ्य आहे. मराठवाड्यातील महार-मांग समाजांचे अन्न शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' ह्या ग्रंथाने 2015 मध्ये छापील पानावर आणले, तोवर पाकशास्त्रावरील मराठी पुस्तकांना त्याचा पत्ताही नव्हता. पण पाटोळे ह्यांनी ते अन्न सजवले नाही, टंचाईसकट मांडले. पाटी आणि नोंद ह्यांतील भेद तो हाच. झाडीपट्टीच्या अन्नाला पाट्या उसन्या मिळाल्या. तशी नोंद अद्याप व्हावयाची आहे, आणि ते काम विद्यापीठाच्या मराठी विभागाच्या कक्षेबाहेरचे मानण्याचे कारण नाही.

भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला 2023 साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. सुवासिक, मऊ शिजणारा हा तांदूळ. त्याचा दाणा बासमतीसारखा लांब आणि सुटा राहत नाही. महामार्गावरील धाब्यांवर सावजी रश्श्याशेजारी मात्र सहसा येतो तो जिरे घातलेला, लांब दाण्याचा, परप्रांतीचा भात. आणि मागच्या बाजूस, भिंतीपलीकडेच, धानाच्या बांध्या असतात.