गोष्ट त्यांची, सांगणारे आपण

मराठीत समलिंगी माणसाची गोष्ट बहुतेक वेळा दुसरंच कुणीतरी सांगतं. विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' 1981 साली रंगभूमीवर आलं. त्यातल्या सुमित्राची, म्हणजेच मित्राची, सगळी तगमग आपल्यापर्यंत पोचते ती बापूच्या तोंडून. बापू भला आहे, तिच्यावर जीव टाकणारा आहे. पण तिच्यापायी आपण काय सोसलं, हेही त्याला सांगायचं आहेच. संहिता वाचताना मला तेंडुलकरांच्या धाडसाचं कौतुक वाटलं आणि मित्राच्या मरणाचा राग आला. चेतन दातार यांच्या '1, माधवबाग' नाटकात बोलते ती आई. मुलाचं वेगळेपण पचवताना तिची होणारी उलघाल अस्सल आहे, डोळे भरून येतात. पण ते आईसाठी. मुलाचं म्हणणं आपण तिच्याकडूनच ऐकतो.

हे विषय मराठीला नवे होते म्हणून असं झालं, हे काही मला पटत नाही. मी वारज्यात राहते. शेजारच्या कर्वेनगरात, म्हणजे जुन्या हिंगण्यात, महर्षी कर्व्यांची संस्था आहे. त्यांचे चिरंजीव र. धों. कर्वे यांनी 1927 पासून 1953 पर्यंत मुंबईहून 'समाजस्वास्थ्य' चालवलं. वाचकांच्या हस्तमैथुन, समलिंगी संबंध असल्या प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर खटला झाला. 1934 मध्ये त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, रधोंना दंड झाला. म्हणजे एका मासिकाने तेव्हा जे स्वच्छ छापलं, तिथवर यायला आपल्या ललित साहित्याला आणखी कित्येक दशकं लागली.

सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' (2006) वाचली तेव्हा कुठे वाटलं, की हा स्वतः बोलतोय. घरी ठेवलेल्या पेइंग गेस्टवर भाऊ आणि बहीण दोघांचाही जीव जडतो. तो निघून जातो आणि मग आधी तनय, नंतर अनुजा आपापलं सांगतात. तनय कुणाला काही समजावून देत नाही, 'आम्हीही माणसंच' म्हणत नाही. तो फक्त गेलेल्या माणसाशी बोलत राहतो. अनुजा पळून गेली की घरात आकांत होतो. तनयचं दुःख मात्र कुणाला दिसतही नाही, कारण मुलगा मुलाच्या खोलीत पडून असतो यात कुणाला काही वावगं वाटलेलंच नसतं. आमच्या वारजे-कर्वेनगर भागात खोल्या भाड्याने देणारी घरं गल्लोगल्ली आहेत आणि मालकीणबाईंच्या अटी ठरलेल्या असतात: मुलींनी मुलगे आणायचे नाहीत, मुलग्यांनी मुली. ही कादंबरी वाचल्यापासून त्या अटी ऐकल्या की मला हसू येतं. जेरी पिंटो यांनी 2013 मध्ये ती इंग्रजीत नेली, 2022 मध्ये चित्रपटही आला. मूळ मराठीतली कोरडी, न रडणारी चाल मला जास्त जवळची.

बिंदुमाधव खिरे यांचं काम वेगळ्या जातीचं. 2002 मध्ये पुण्यात 'समपथिक ट्रस्ट' उभा करणाऱ्या या माणसाने 'पार्टनर' आणि 'इंद्रधनु' लिहिलं ते एकट्या पडलेल्या पोरांना आणि त्यांच्या आईबापांना हाताशी काहीतरी असावं म्हणून. कलाकृती म्हणून ते मला तोकडं वाटतं. पण गरज पडली, तर कुणाच्या हातात मी आधी हेच देईन.

शहरी इंग्रजी वाचणाऱ्यांचं हे खूळ आहे, असं म्हणणाऱ्यांनी राजन गवसांची 'भंडारभोग' उघडावी. कोल्हापूर-बेळगाव सीमेवरच्या मातीत, यल्लम्माच्या नावाने लुगडं नेसवलेल्या जोगत्याची ती फरफट आहे. गवसांच्याच 'चौंडकं' आणि 'भंडारभोग'वर बेतलेला 'जोगवा' चित्रपट (2009) गाजला, मलाही आवडला. तरी त्या लुगड्याआड शेवटी 'खरा पुरुष'च होता, हा दिलासा प्रेक्षकाला जरा जास्तच सोयीचा आहे.

आता तृतीयपंथी स्वतः लिहू-बोलू लागल्या आहेत. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचं 'मी हिजडा... मी लक्ष्मी!' 2012 चं. वैशाली रोडे यांनी शब्दांकन केलं. त्यातला तोरा मला भावला, कारण कीव मागणारं त्यात काही नाही. दिशा पिंकी शेख यांची कविता त्याहून धारदार. तिच्यात लिंगाइतकीच जात आणि भूकही बोलते. आपले समीक्षक मात्र या पुस्तकांना 'सामाजिक दस्तऐवज' म्हणून मोकळे होतात. दिशा यांच्या कवितेची लय, तिची बोली, तिच्या शिव्या यांवर कुणी कवितेसारखं लिहील तर हवंय.

बाईवर प्रेम करणारी बाई मराठीत अजून सर्वात गप्प आहे. 'उंबरठा' चित्रपटात (1982) ती सुधारगृहातली एक भानगड म्हणून येऊन जाते. मित्रा मेल्याला चार दशकं उलटली. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने कलम 377 मधून या माणसांना सोडवलं, त्यालाही बरीच वर्षं झाली. तरी बापूला मध्ये न घेता आपलं आपण सांगणारी, म्हातारी होईतो जगणारी अशी बाई मराठी कादंबरीत मला भेटलेली नाही. कुणाच्या टेबलाच्या खणात असं हस्तलिखित पडून असेल, तर त्यांनी ते प्रकाशकाकडे धाडावं; पहिल्या आवृत्तीची एक प्रत मी घेईनच.