इरावतीबाईंची नाती आणि आपली जात

इरावती कर्वे (१९०५–१९७०) यांचा ‘परिपूर्ती’ हा निबंध मी सोलापूरच्या आमच्या कॉलेजात शिकवतो. कुणाची सून, कुणाची पत्नी अशा ओळखी अपुऱ्या वाटत असताना, रस्त्यावरची पोरे ‘ही कर्व्याची आई’ म्हणून ओळखतात आणि बाईंना पूर्णत्व वाटते. इथे वर्ग खुलतो. एकदा मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, “सर, माझ्या बापाचं नाव सांगितलं की लोक पुढचं विचारत नाहीत. त्यांना कळलेलं असतं.” आमच्या घरातला पदवीधर मी पहिलाच. मला अर्थ विचारावा लागला नाही.

नाते हीच बाईंच्या मानववंशशास्त्राचीही किल्ली आहे. बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर या वंशवादी प्राध्यापकाच्या हाताखाली त्यांनी कवट्या मोजल्या आणि त्याच्या अपेक्षेविरुद्ध निष्कर्ष मांडला: कवटीच्या असमानतेचा वंशाशी संबंध नाही. ही निर्भयता मान्य केलीच पाहिजे. पुढे डेक्कन कॉलेजात काम करताना त्यांनी मांडले की जात म्हणजे विस्तारलेला नातेसमूह, आणि हिंदू समाज म्हणजे शेजारी शेजारी आलेल्या अशा समूहांची जुळणी.

बेटीबंदी हे जातीचे मूळ लक्षण, हे बाबासाहेबांनी १९१६ सालीच कोलंबिया विद्यापीठातील निबंधात दाखवले होते. पण हे दार प्रथम कुणी लावून घेतले आणि बायकांना कोंडून ते कसे टिकवले, हेही त्यांनी विचारले. १९३६ साली आंतरजातीय विवाह आणि शास्त्रप्रामाण्याचा नाश हा उपाय सांगितला. जातीला नातेसमूह म्हटले की ती घरगुती वाटू लागते. मग गावकुसाबाहेरची वस्ती कोणत्या नात्याने बाहेर गेली?

पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात. ‘वाटचाल’मध्ये एकाच दिंडीतल्या ब्राह्मण आणि मराठा बायकांची जेवणे वेगळी होतात, हे पाहून बाई अस्वस्थ होतात. माझ्या मते त्यांच्या लेखनातला हा सर्वांत खरा क्षण. पण त्याच पंढरीच्या मंदिराचे दार अस्पृश्यांना १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर उघडले. हे अंतर सत्तेचे होते. ललित लेखणीला जे बोचले, ते शास्त्राच्या चौकटीत मावले नाही.

म्हणून इरावतीबाई टाळू नयेत. त्यांची निरीक्षणे घ्यावीत, चौकट तपासावी. मागच्या बाकावरच्या त्या मुलाने आता समाजशास्त्र घेतले आहे. परीक्षेत मार्क कमी पडले तरी त्याने आपला प्रश्न सोडू नये, असे मी त्याला बजावले आहे.