स्क्रिमशॉ : संग्राहकाची दृष्टी आणि लोककलेचे मूल्य

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील न्यू बेडफर्ड, नॅन्टकेट या बंदरांतून देवमाशांच्या शिकारीस निघालेली जहाजे तीन-तीन, चार-चार वर्षे समुद्रावर राहत. शिकारीविना जाणाऱ्या दिवसांत खलाशी स्पर्म देवमाशाचा दात घासून गुळगुळीत करीत, सुईने वा चाकूने त्यावर चित्र कोरीत आणि रेषांत काजळी भरीत. ‘स्क्रिमशॉ’ या नावाने ओळखली जाणारी ही कला पुढे संग्राहकांच्या विशेष आवडीची ठरली. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी हेही तिचे संग्राहक होते.

संग्राहक प्रायः स्वाक्षरी, तारीख व मौलिकता यांवरून मूल्य ठरवितो. फ्रेडरिक मायरिक याने ‘सुसान’ जहाजावर १८२८-२९ मध्ये कोरलेल्या दातांची प्रतिष्ठा हे त्याचे ठळक उदाहरण होय. तथापि हा निकष या कलेच्या प्रकृतीशी विसंगत आहे. अनेक खलाशी छापील चित्र दातावर ठेवून टाचणीने टिंबे पाडीत व ती रेषांनी जोडीत. अनुकरण हा येथे दोष नसून रीत आहे. बहुसंख्य दातांवर कर्त्याचे नावही नाही. उलट, विसाव्या शतकात साच्यांतून निघालेल्या प्लास्टिकच्या नकली दातांवर जहाजाचे नाव आणि जुनी तारीख आवर्जून आढळते. संग्राहक जे शोधतो, तेच नकलाकार पुरवितो.

म्हणूनच स्क्रिमशॉचे मूल्यमापन नावाऐवजी श्रमाच्या संदर्भात व्हावयास हवे. ज्या दातावर खलाशाने घरची ओढ कोरली, तो एका संहाराचाही अवशेष आहे. हे दुहेरी सत्य काचेच्या कपाटात हरवले, तर उरते ती केवळ शोभेची वस्तू.