पुसणाऱ्याची जबाबदारी : दासबोधातील श्रोता आणि यंत्राला विचारलेले प्रश्न

प्रास्ताविक

महाड तालुक्यातील शिवथरच्या घळीत समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो उतरून घेतला, अशी समर्थसंप्रदायाची धारणा आहे. विस्मृतीत गेलेली ही घळ धुळ्याचे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० साली शोधून काढली. आज तेथे सांगणारे समर्थ आणि लिहिणारे कल्याण यांच्या मूर्ती आहेत. ग्रंथ वाचू लागले की मात्र आणखी एक व्यक्ती सतत बोलताना आढळते. ती म्हणजे श्रोता. तो पुसतो, अडवतो, आक्षेप घेतो, आणि त्याच्या आशंकेवरून पुढचा समास सुरू होतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सहायकांना प्रश्न कसे विचारावेत, याची चर्चा सध्या सर्वत्र चालू आहे. या चर्चेचा विचार दासबोधातील या श्रोत्याच्या आधारे करावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

निमित्त वर्गातले आहे. दासबोधावरील स्वाध्यायात एका विद्यार्थिनीने 'दासबोधाच्या एकविसाव्या दशकातील उपदेश' या विषयावर दोन पाने लिहून आणली. भाषा सफाईदार होती, मध्ये तीन ओव्याही होत्या. दासबोधात दशक वीस आहेत, प्रत्येक दशकात दहा समास, एकूण दोनशे. एकविसावा दशक नाही, त्यामुळे त्या ओव्याही कोठे नाहीत. चौकशी करता तिने यंत्राला विचारलेला प्रश्न दाखवला : "दासबोधाच्या एकविसाव्या दशकात समर्थांनी काय सांगितले आहे ते ओव्यांसह लिहा." यंत्राने सांगितल्याबरहुकूम लिहिले होते. विद्यार्थिनीवर रागावण्यासारखे यात फारसे नव्हते. 'एकवीस समासी' अथवा 'जुना दासबोध' या नावाने ओळखली जाणारी समर्थांची एक स्वतंत्र रचना आहे. तिचे नाव हिने कोठेतरी ऐकले होते आणि एकवीस हा आकडा तेवढा लक्षात राहिला होता.

सुंदर लिहा, म्हणजे कसे?

यंत्राला सूचना देण्याच्या कलेवर आज पुष्कळ मार्गदर्शन उपलब्ध आहे. भूमिका सांगा, वाचक सांगा, नमुना द्या, स्वरूप ठरवून द्या, असे त्याचे सार असते. यातील बराच भाग खरा आहे. २०२० साली जीपीटी-३ या भाषाप्रतिमानासंबंधी जो शोधनिबंध आला, त्याने दाखवले की सूचनेतच दोनचार नमुने दिले तर यंत्राला नव्याने प्रशिक्षण न देताही कामात सुधारणा होते. २०२२ मध्ये गूगलच्या संशोधकांनी दाखवले की उत्तरापूर्वीच्या विचाराच्या पायऱ्या नमुन्यात मांडल्यास गणितासारख्या प्रश्नांत मोठ्या प्रतिमानांची उत्तरे सुधारतात. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि प्रयोगशाळेतील हा विषय घराघरांत आला.

परंतु नेमकी सूचना म्हणजे काय, हे मराठीच्या अभ्यासकाला शिकण्यासाठी इतके दूर जाण्याचे कारण नाही. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. त्यात 'सुंदर लिहा' एवढे सांगून समर्थ थांबत नाहीत. अक्षर वाटोळे, सरळ, मोकळे असावे, ओळींत सारखे अंतर राहावे, पानाभोवती जागा सोडावी, असा तपशील ते देतात. सुरुवातीचे अक्षर आणि ग्रंथ संपतानाचे अक्षर पाहिले तर सारे एकाच टाकाने लिहिले आहे असे वाटले पाहिजे, ही कसोटीही सांगतात. प्रस्तुत लेखिकेला यातील सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो अक्षराच्या आकाराविषयीचा. तरुणपणी फार बारीक लिहिलेले म्हातारपणी कामाला येत नाही, म्हणून मध्यम आकाराचे लिहावे. येथे सूचनेबरोबर कारण आले आहे, आणि त्या कारणात पुढे कधीतरी ते पान वाचणारे थकलेले डोळेही आले आहेत. ज्याला कारण सांगितले तो न सांगितलेल्या ठिकाणीही योग्य निवड करू शकतो. लेखनिकाला हे लागू पडते, आणि अनुभवाने सांगायचे तर यंत्रालाही. 'सोप्या भाषेत लिहा' या सूचनेपेक्षा 'बारावीनंतर शिक्षण सुटलेल्या आणि जुनी मराठी न वाचलेल्या वाचकासाठी लिहा' ही सूचना अधिक फळ देते.

स्थळकाळाचा निर्देश हाही याच प्रकारातला. "शिवथरची माहिती द्या" असे विचारले तर कोणत्या शिवथरची? महाड तालुक्यातच कसबे शिवथर, आंबे शिवथर आणि कुंभे शिवथर आहेत. सातारा तालुक्यातही शिवथर नावाचे गाव आहे. येथल्या माणसाला हा प्रश्न पडत नाही, कारण त्याच्या डोळ्यांसमोर एकच गाव असते. यंत्रासमोर केवळ शब्द असतो. शब्दाच्या काळाचेही तसेच. 'साक्षेप' हा समर्थांचा आवडता शब्द उद्योग, नेटाचा यत्न या अर्थी येतो. आजच्या समीक्षेत 'साक्षेपी' म्हणजे चिकित्सक, काटेकोर. सतराव्या शतकातील अर्थ हवा असेल तर तसे सांगावे लागते.

आशंका

इतके सारे सांगितले असते तरी विद्यार्थिनीचा प्रश्न सुधारला नसता. तिने स्वरूप सांगितले होते, ओव्याही मागितल्या होत्या. दोष मांडणीत नव्हता, गृहीतात होता. उपलब्ध मार्गदर्शन अपुरे पडते ते येथे.

आठव्या दशकात श्रोता एक सूक्ष्म आशंका घेतो. जे निराकार आहे, निरवयव आहे, त्यात हे चराचर झाले कसे? तिसऱ्या समासाच्या आरंभी वक्ता त्याला थांबवतो. जे झालेच नाही, त्याची वार्ता काय पुसतोस, असा त्याचा आशय आहे. मग संशय उरू नये म्हणून तो दोरी आणि साप, सूर्य आणि मृगजळ यांचे दृष्टान्त देतो. प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी प्रश्नातले गृहीत तपासणे आणि ते चुकीचे असेल तर आधी ते मोडणे, हे येथे वक्त्याचे काम मानले आहे.

भाषाप्रतिमानाची घडण याच्या उलट दिशेची आहे. आधीच्या मजकुरापुढे कोणता मजकूर संभवतो, या अंदाजावर त्याची सारी उभारणी झाली आहे. आणि प्रश्न हाच आधीचा मजकूर. त्यात एकविसावा दशक असेल तर पुढे त्या दशकाचे वर्णन येणे त्याच्या दृष्टीने स्वाभाविक ठरते. अलीकडची साधने अनेकदा चूक दाखवतात, शोध घेऊन आधारही देतात, हे मान्य केले पाहिजे. पण ती दरवेळी थांबवतील असा भरवसा धरता येत नाही. परिणामी जे काम वक्त्याकडे होते ते पुसणाऱ्याकडे आले आहे. आता बंद झालेल्या एम.फिल.साठी प्रस्तुत लेखिकेने विषय सादर केला, तेव्हा मार्गदर्शकांनी शीर्षकातील प्रत्येक शब्दावर बोट ठेवून "हे कशावरून?" असे विचारले होते. त्या दिवशी अपमान वाटला होता. यंत्र असा अपमान सहसा करीत नाही, आणि म्हणूनच ते अनेकांना आवडते.

यंत्राला 'आधुनिक कल्याण' म्हणण्याचा मोह काहींना होईल. तो आवरलेला बरा. कल्याणांनी ऐकले ते लिहिले. श्रोत्याची हौस पुरवण्यासाठी पदरच्या ओव्या घातल्या नाहीत. डोमगावच्या मठातील कल्याणांच्या हातच्या प्रतीला अभ्यासक प्रमाण मानतात ते त्यामुळेच. मराठी ग्रंथपरंपरेला प्रक्षेपाचे भय जुने आहे. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तिच्यात कोणी आपली ओवी घालू नये असे निक्षून बजावले. तेव्हा एक प्रक्षिप्त ओवी रूढ होण्यास पिढ्या लागत. ओवीचे रूप यंत्राला सहज साधते : तीन चरणांना यमक, चौथा आखूड. त्या तीन ओव्यांखाली संदर्भ देण्याचीही सोय त्याने केली होती, एकविसावा दशक, चौथा समास. असा स्वाध्याय छापला गेला, कोणी प्रवचनात वापरला, पुढच्या यंत्राने तो वाचला, तर तो दशक अस्तित्वात येण्यास फारसा अवधी लागणार नाही.

विद्यार्थिनीला पुन्हा लिहायला सांगितले. या वेळी तिने एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास छापील प्रतीवरून संगणकावर उतरवून यंत्रापुढे ठेवला आणि असे लिहिले : "खालील समासाच्याच आधारे सांगा. माझ्या प्रश्नातले काही चुकीचे असेल तर उत्तर देण्याआधी ते सांगा. उत्तर या मजकुरात नसेल तर 'येथे नाही' असे लिहा. प्रत्येक विधानापुढे ओवीचा क्रमांक द्या." पाच प्रश्नांपैकी दोहोंना यंत्राने 'येथे नाही' असे उत्तर दिले. उरलेल्या तिन्हींच्या ओव्या तिने ग्रंथात ताडून पाहिल्या. एका ठिकाणी क्रमांक एकाने चुकला होता. समास हाताने उतरवताना तिच्याकडूनच एक ओवी गळली होती.